नळीतलं तांबं

पायाच्या अंगठ्यावर हातोडा पडला आणि जखम महिना झाला तरी भरेना. कसबा पेठेत आमचं तांब्याची भांडी ठोकायचं काम. खाली एका खोलीत भट्टी आणि कारखाना, वर दोन खोल्यांत मी आणि बायको. पानशेतच्या पुराला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण बंबाचं पोट माझ्याइतकं एकसारखं ठोकणारा आळीत दुसरा नव्हता. फुशारकी नाही, होतं ते लिहितो.

जखम बघून पेठेतले डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीतून आणा. साखर बघू."

"मला साखर? गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग तो. मी दिवसभर घण मारतो."

"दिवसभर मारा नाहीतर रात्रभर. बाटली आणा."

आता अडचण अशी, की कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला साखर निघाली तेव्हा भर आळीत मीच त्याला म्हणालो होतो, "शेठ, आता पेढ्याचा नुसता वास घ्यायचा हं." सगळी आळी हसली होती. माझ्यात साखर निघाली असती तर तीच आळी मला सोडणार होती होय? म्हणून सकाळी मी रिकामी बाटली बायकोपुढे धरली.

"डॉक्टरांनी दोघांची मागितलीय. तुझी यात दे."

"माझी कशाला?"

"दे म्हटलं की द्यायची."

ती चाळिशीची. चिंच लावून सबंध दिवस भांडी उजळायची, कधी डोकं दुखतंय म्हणून पडली नाही. हिच्यात काय निघणार, असा माझा हिशेब. माझ्या लघवीला मी बाटलीच लावली नाही.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, वर बाटलीतले सात-आठ थेंब टाकले आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला लागले. म्हणाले, "निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त." नळी उकळली. हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगी झाली, आणि तळाशी लाल गाळ बसायला लागला.

"ओळखलंत?" डॉक्टर म्हणाले. "या औषधात मोरचूद असतो. साखर भेटली की त्यातलं तांबं असं लाल होऊन खाली बसतं. तुम्हाला रंग मी काय सांगायचा!"

मला त्या क्षणी काही कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळलं. तांब्याचा रंग मला कोणी शिकवायचा नव्हता. बाटली बायकोची होती, म्हणजे साखर बायकोला होती. पण ते बोलायचं तर आधी बाटली बदलली हे बोलायला हवं होतं, आणि समोर बाकावर आळीतली चार माणसं बसली होती. मी गोळ्यांची पुडी घेतली. भात, गूळ, साखर बंद, असं डॉक्टर बजावत होते, मी मान हलवत होतो. घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं, की डॉक्टरच भोंदू आहे, कुणाचीही नळी लाल करून दाखवतो. पुडी भट्टीत टाकली.

बायकोनं विचारलं, "काय निघालं?"

"निळं. दोघांचं निळं. तुला काय धाड भरलीय, म्हशीसारखी तर आहेस."

ती हसली. तिला बरं वाटलं.

माझा अंगठा पंधरा दिवसांत आपोआप भरला. ती मात्र पाणी प्यायला लागली. तांबेच्या तांबे रिकामे करायची, रात्री चार वेळा उठायची. मी अंथरुणातून ओरडायचो, "पाणी पितेस की हौद भरतेस?" वर्षभरात ती निम्मी झाली. माहेरचे म्हणाले, "बारीक झालीस, छान दिसतेस." मी म्हणालो, "आमच्याकडे बसून खायला मिळत नाही." लोक हसले. तीही हसली. मनात मला रोज तो लाल गाळ दिसायचा आणि रोज मी उद्यावर ढकलायचो. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता नुसती बाटली नव्हती, मधले दिवसही सांगावे लागले असते.

अशी दीड वर्षं गेली. एके दिवशी दुपारी ती फळीवरची चिंच काढायला कारखान्यात उतरली. तापवलेला पत्रा मी खाली गार करायला टाकला होता. तांबं लाली गेल्यावर काळं पडतं, बघणाऱ्याला गार वाटतं. ती अनवाणी त्यावर उभी राहिली आणि फळीवर हात घालून चिंच शोधत राहिली. कातडं जळल्याचा वास मला आला, तेव्हा मी ओरडलो. ती खाली बघून म्हणाली, "अगंबाई, चटका बसला वाटतं."

तिला लागलंच नव्हतं. आणि मी काय केलं? संध्याकाळी आळीत सांगितलं, "आमची बायको बघा. पाय भाजला तरी हूं की चूं नाही."

आठवड्यात पाऊल काळं पडलं, घाण सुटली. मग हातगाडीवर बसवून त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय बघितला, तिची लघवी मागितली, नळी दिव्यावर धरली. गाळ मागच्यापेक्षा जास्त बसला.

"एका घरात दोघांना," ते म्हणाले. "तुमचं काय? गोळ्या चालू आहेत ना? पुन्हा आला नाहीत ते? चला, तुमचीही द्या आत्ताच."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. माझी नळी उकळली आणि निळीची निळीच राहिली. डॉक्टर नळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"दीड वर्षापूर्वी इतकी लाल, आणि आज निळी? असं काय खाल्लंत, मलाही सांगा."

"कारल्याचा रस," मी म्हणालो. अशा वेळेलासुद्धा माझ्या तोंडून हेच निघालं.

बायको बाकावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, तेव्हा माझंही तपासलं होतंत ना? माझं तर निळं आलं होतं."

"तुमचं? तुमचं मी आज पहिल्यांदा तपासतोय. तेव्हा एकच बाटली आली होती."

डॉक्टर समजले. त्यांनी दिवा विझवला आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी त्यांच्यापेक्षा वयानं मोठा. थांबलो.

मोठ्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी तपासलं नव्हतं का?" मी भिंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "तपासलं होतं. यांनी."

घरी आल्यावर इन्सुलिन सुरू झालं. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची, काचेची सिरिंज रोज उकळायची, वीसच्या रेघेपर्यंत औषध भरून मांडीत टोचायचं. ते सगळं ती स्वतः करायची. मी सिरिंजला हात लावला की म्हणायची, "ठेवा ती." तिनं मला शिव्या दिल्या नाहीत, रडून दाखवलं नाही. घरात बोलायची, चहा द्यायची. फक्त मी काही सांगितलं की ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायची. किती वाजले हेसुद्धा.

पाच-सहा वर्षांनी तिचे डोळे गेले. रेघ दिसेना. मी म्हणालो, "आता तरी मी भरतो. जन्मभर पत्रा मोजून कापला, मला रेघ कळत नाही का?"

"कळते," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं कळतं. भरा, आणि वरच्या बाईंना दाखवून या."

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. मी जन्मात कुणाच्या दारात काही विचारायला गेलो नव्हतो. त्या सकाळी मीही हटून बसलो. तीही बसून राहिली. दुपार झाली, तिनं ना सुई घेतली ना घास. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास जोरजोरात चालायला लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. तरी तिचा हट्ट सुटेना. ती मरायला तयार होती, पण माझ्या शब्दावर सुई घ्यायला तयार नव्हती. तेव्हा मी सिरिंज भरली आणि जिना चढलो.

बाईंनी सिरिंज उजेडात धरली. "वीस आहे," त्या म्हणाल्या. "उद्या जरा लवकर या, मला शाळा असते."

खाली आलो. ती अंधाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे तोंड करून बसली होती.

"किती?"

"वीस."

"बाई म्हणाल्या की तुम्ही म्हणताय?"

"बाई म्हणाल्या."

"मग द्या," म्हणाली, आणि तिनं लुगडं मांडीवरून बाजूला केलं.