जानकीचा पांढरा कागद

मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागच्या बैठ्या चाळीत जानकीच्या घरासारखं घर नव्हतं, हे जानकी स्वतःच सगळ्यांना सांगायची. खोटं नव्हतं ते. पितळेचा हंडा तोंड दिसेल इतका लख्ख, जमीन कोब्याची पण हात फिरवला तर धूळ लागायची नाही, मोरीत शेवाळाचा ठिपका नाही. कुणी पाय न पुसता ओट्यावर चढलं की तिची नजर त्याच्या पावलांवर अशी खिळायची की माणूस आपसूक मागं फिरायचा. लग्न होऊन मालवणकडच्या वाडीतून ती परळच्या खोलीत आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. नवऱ्याचा पगार, सासूचा स्वभाव, गिरणीची पाळी, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. भांडी तेवढी होती. पुढं संप झाला, गिरणी गेली ती गेलीच. नवरा गुणाजी मरोळला रखवालदार झाला आणि बिऱ्हाड उपनगरात आलं. माणसाला धरायला काहीतरी लागतं. जानकीनं राख आणि चिंच धरली.

आता एवढं टापटिपीचं घर, पण स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. दुसरं करणार काय? गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं लागत आणि रेशनचं रॉकेल पंधरवडा काढायचं नाही. मुलगा बाळा लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता, तिथला भुसा पोत्यानं फुकट यायचा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली अलगद फिरवून वर काढायची आणि खालच्या भोकातून काडी लावायची. पहिल्यांदा दाट धूर होई, मग नुसती धग. धूर दिसेनासा झाला की त्रास संपला, असं चाळीतल्या सगळ्या बायका धरून चालत. जानकीही धरून चालायची.

तरी सून मीराला पाचवा महिना लागल्यापासून तिनं शेगडीसमोर बसू दिलं नव्हतं. आदल्या वर्षी मीराचं एक बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा जानकी सुनेसमोर रडली नाही, मोरीत जाऊन तोच हंडा तासभर घासत बसली होती. म्हणून या खेपेला ती मीराला खालची घागर उचलू द्यायची नाही, की वाटण करू द्यायची नाही. तोंडानं मात्र दिवसभर खेकसायची. मीरा कणकवलीकडची, गरीब स्वभावाची. सासूच्या खेकसण्यातली माया तिला बरोबर कळायची, पण सासूला उलट बोलायची हिंमत काही तिला झाली नव्हती.

अशात दिवाळीनंतर इव्हा आली. मरोळच्या जुन्या गावठाणातली ही ख्रिश्चन मुलगी, एका संस्थेत संशोधनाचं काम करत होती. कुठल्या इंधनावर रांधताना बाईच्या छातीत किती धूर जातो आणि तिच्या पोटात मूल असेल तर त्याचं काय होतं, हे तिला आणि तिच्या सरांना शोधायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे एक यंत्र होतं. कमरेला बांधायचा छोटा डबा, त्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला गळ्याशी टाचायची एक टोपी. टोपीत रुपयाएवढा पांढरा कागद. डबा गुणगुणत हवा ओढायचा आणि हवेतली काजळी त्या कागदावर बसायची.

"जी रांधते तिनंच घालायचं हां," इव्हानं ओट्यावर जमलेल्या बायकांना बजावलं. "मावशी, तुमच्याकडे रांधतं कोण?"

"माझ्याशिवाय कोण आसा?" जानकी म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं.

पहिली पाळी शेजारच्या द्रौपदीची आली. संध्याकाळी इव्हानं टोपी उघडली तर कागद काळा कुळकुळीत. "अगं बया, माझा तर तवाच निघाला की!" असं म्हणत द्रौपदी पोट धरून हसली. बाकीच्याही हसल्या. जानकी हसली नाही. इव्हा सांगत होती ते छातीचं आणि इंधनाचं तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तिला एवढंच दिसलं की घराघरातला मळ कागदावर उतरवून हे लोक चारचौघांत दाखवतात. तिच्या लेखी ती बाईच्या घरकामाची परीक्षा होती, आणि परीक्षेत जानकी नापास होणार? त्यापेक्षा तिनं चाळ सोडली असती.

शिवाय यंत्र दुसऱ्याचं, महागाचं. परक्याची वस्तू घेतली तशीच लख्ख परत करायची, हे तिच्या अंगातच मुरलेलं.

तिची पाळी आली त्या सकाळी इव्हानं डबा बांधून दिला आणि ती पुढच्या घरी गेली. जानकी शेगडीजवळ गेली, धूर बघितला, आणि उलट्या पावली बाहेर आली.

"मीरा, आज तू बस गो चुलीकडे. हो कागद काळो झालो तर माझी अब्रू जायत. एका दिसाचो प्रश्न आसा."

मीरा बसली. जानकीनं मागच्या गल्लीकडची खिडकी लावून घेतली, कारण तिथून निघालेला धूर वळसा घालून पुढं ओट्यावर यायचा, आणि स्वतः ओट्यावर तांदूळ निवडत बसली. तिला वाटलं, किती सोपं होतं! संध्याकाळी कागद जवळजवळ कोरा निघाला. इव्हानं तो उजेडात धरून दोनदा बघितला. जानकीनं द्रौपदीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर द्रौपदी बरेच दिवस विसरली नाही. रात्री मीराचं डोकं दुखत होतं. जानकीनं तिच्या कपाळाला सुंठीचा लेप लावला आणि 'पोटुशीचं असंच असतं' म्हणून तिला झोपवलं. सुनेच्या डोकेदुखीचा आणि आपल्या कागदाचा काही संबंध असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. मला या बाईचा राग येतो तो इथं.

पुढच्या आठवड्यातल्या पाळीलाही चुलीशी मीराच बसली, तरी कागदावर किंचित राखाडी छटा आली. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. जानकीला रात्रभर डाचत राहिली. मीराला त्या दिवशी मळमळून आलं होतं, तेही तिनं आदल्या दिवशीच्या माशांच्या तिखलावर ढकललं.

मग तिसरी पाळी आली. या वेळी जानकीनं खिडकी तर लावलीच, मधलं दारही ओढून घेतलं, आणि दाराखालच्या फटीत गोणपाट खुपसलं. आत मीरा, भाकऱ्यांचं पीठ आणि भरलेली शेगडी. बाहेर ओट्यावर जानकी, कमरेला गुणगुणणारा डबा. आतून तांदळाच्या भाकरीची थाप ऐकू येत होती. थप थप थप, मग तव्यावर टाकेपर्यंत शांत, मग पुन्हा थप थप.

एरवी सकाळी डबा बांधून गेलेली इव्हा संध्याकाळीच परत यायची. त्या दिवशी ती तासाभरातच गल्लीच्या तोंडाशी दिसली. जानकीनं तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

"मावशी, झकास बातमी आहे!" इव्हा ओट्यावर टेकली. "तुमच्या शेगडीचं सरांना भारी नवल वाटतंय. एवढा कमी धूर कुणाकडेच नाही. सर म्हणतात, तुम्ही भुसा कसा भरता ते नीट बघून ये. तशीच शेगडी दुसऱ्या वस्त्यांतल्या बायकांना शिकवता येईल. पोटुशा बायकांना तर आधी. दाखवा ना."

"अजून पेटवूक नाय," जानकी म्हणाली. खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तिची तीच दचकली.

"मग बरंच की. पेटवताना बघते. थांबते मी."

आतून थप थप आली. इव्हानं मान वळवली. "आत कोण आहे?"

"द्रौपदी शेजारी. भिंत पातळ आसा."

इव्हानं मान डोलावली आणि पाण्याच्या नळाबद्दल, आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल काहीबाही बोलू लागली. जानकी हुं हुं करत होती. तिचा एक कान इव्हाकडे आणि सगळा जीव मधल्या दाराकडे. ही पोरगी उठत का नाही? नळावर पाणी येईल, तिला म्हणावं जा. पण घाई केली तर हिला संशय येईल. आता दार उघडलं तर खोटं पडलं. मागचे दोन्ही कागद खोटे पडले. सगळ्या चाळीसमोर द्रौपदी हसणार. एवढी गेली की उघडते, असं ती मनाशी म्हणत राहिली. फक्त एवढी जाऊ दे.

आणि मग थाप थांबली.

भाकरी तव्यावर असेल, जानकीनं स्वतःला समजावलं. भाकरी फुगायला वेळ लागतो. उलटायला लागतो. तिनं मनातल्या मनात ती भाकरी उलटली, भाजली, उतरवली. आता पुढचा गोळा. आता थाप यायला हवी. आली नाही. इव्हा आईच्या गुडघ्यांचं औषध सांगत होती आणि कमरेचा डबा गुणगुणत होता. आणखी एक भाकरी होईल इतका वेळ गेला. पीठ संपलं म्हणावं, तर पीठ तिनंच काढून दिलं होतं, ते निम्मंसुद्धा संपलं नसणार.

करपल्याचा वास आला. मीरा भाकरी करपू द्यायची नाही.

"मावशी, काहीतरी जळतंय बघा," इव्हा म्हणाली.

जानकी उठली ती ओट्यावरचं सूप पायानं उडवतच. तांदूळ गल्लीभर झाले. गोणपाट हिसकून तिनं दार लोटलं. आत धूर म्हणावा असा धूरही नव्हता, नुसती कोंडलेली, जड, गरम हवा. तव्यावर भाकरीचा कोळसा झालेला. मीरा परातीशेजारी कलंडली होती, गाल पिठात, हात पोटावर.

"मीरा! गो मीरा!"

हलवलं तर मान लुळी. जानकीनं तिच्या काखेत हात घालून ओढलं. ओढवेना. मग इव्हानं पाय धरले, हाकेसरशी द्रौपदी धावत आली, आणि तिघींनी मिळून तिला ओट्यावर आणलं. मीराचा चेहरा विचित्र लालबुंद दिसत होता. द्रौपदीनं पाणी मारलं, इव्हा नाक्यावरून रिक्षा घेऊन आली. अंधेरीच्या इस्पितळापर्यंतच्या वाटेत मीराचं डोकं जानकीच्या मांडीवर होतं आणि तो डबा तिच्या कमरेला गुणगुणतच होता. तो काढायचं भान कुणाला होतं? प्रत्येक खड्ड्याला जानकी गावाकडच्या वेतोबाला हाक मारत होती. मला ने, पण हिला ठेव. हिला आणि हिच्या पोटातल्याला.

डॉक्टरांनी मीराला प्राणवायू लावला आणि जानकीला फैलावर घेतलं. "बंद खोलीत शेगडी? धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो. अजून थोडा वेळ गेला असता तर दोन जीव गेले असते. आई शुद्धीवर येईल. मुलाचं आत्ताच सांगता येत नाही. थांबून बघायचं."

दुपारी मीरानं डोळे उघडले, पण पोटात हालचाल नव्हती. बाळा कारखान्यातून धावत आला, तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं आईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं जानकीला वाटलं. तिनं आयुष्यात इतका वेळ काही न घासता, न पुसता काढला नव्हता. उन्हं उतरली. मग मीरानं सासूचा हात ओढला आणि पोटावर ठेवला. आतून एक बारीकशी ढुशी लागली. पुन्हा एक. जानकी त्या हातावर कपाळ टेकून मोठमोठ्यानं रडली, वॉर्डातल्या सगळ्या बायांसमोर, नाक पदराला पुसत.

इव्हा व्हरांड्यात बसली होती. जानकीनं कमरेचा डबा सोडून तिच्यासमोर ठेवला.

"आजचा कागद बाद, मावशी," इव्हा म्हणाली.

"आधीचेय बाद कर. ते माझे न्हय. तेव्हाय हीच बसलेली चुलीकडे, मी ओट्यार."

इव्हाचा चेहरा पडला. मग ती चिडली. "मी सरांना सांगून बसले! अहो, ही शेगडी आम्ही गरोदर बायकांना शिकवायला निघालो होतो! सांगायचं ना गं मावशी मला!" आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "मी पण मेली एकदा दार लोटून बघायला हवं होतं."

मीरा घरी आली. दार-खिडकी सताड उघडी ठेवून जानकी पुन्हा शेगडीसमोर बसू लागली. पुढच्या आठवड्यात इव्हा यंत्र न घेताच आली, तेव्हा जानकीनंच तिला परत पाठवलं. "घेऊन ये. आता मी रांधतंय, खरोखरची."

त्या दिवशी जानकीनं डबा बांधून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. पदर आड धरला नाही, तोंड फिरवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळी चाळ जमली, द्रौपदी सर्वांत पुढं. इव्हानं टोपी उघडली. उघडी दारं असूनही कागद काळा होता, मधे तपकिरी, कडेला तेलकट. कुणी हसलं नाही.

जानकीनं तो कागद चिमट्यानं उचलून घेतला, आत गेली आणि मीराच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ गो बाय," ती म्हणाली. "ह्या मी तुका खावक घातलंय. दार लावून."