श्वास धरायचा न्हाई

पाण्याखाली कुणी माझा पाय धरला की मी लाथ मारते. लहानपणी विहिरीत भाऊ पाय ओढायचे, तेव्हापासूनची खोड. त्या रविवारी सांगलीच्या जलतरण तलावात सरांनी माझा घोटा धरला तेव्हा त्यांनाही मारली, चांगली बरगडीत. त्यांनी पाय सोडला नाही. तसंच खाली ओढून माझ्या डोळ्यांवरच्या काचेसमोर तोंड आणलं आणि ओठांपासून पुढं हात नेऊन दाखवला. श्वास सोड. मी मान हलवली, पण तोंडातली हवेची नळी दातांनी गच्च चावून धरली होती आणि छातीतली हवा काही केल्या बाहेर सोडवत नव्हती. शेजारी तळावर गुडघे टेकून बसलेली माझी मुलगी हे सगळं बघत होती.

वर आल्यावर सर सगळ्या बॅचसमोर बोलले. ते नौदलातून रिटायर झालेले पाणबुडे, मूळचे औंधकडचे. दर रविवारी सांगलीत शिकवतात आणि तयार झालेल्यांना मालवणला समुद्रात उतरवतात.

"ताई, काचेत जरा पानी शिरलं की तुमी श्वास धरून वर पळताय. सिलिंडरची हवा छातीत घिऊन तोंड मिटून वर आलं की ती हवा आत फुगती. फुप्फुस फाटतं. त्याला लय खोल बी जावं लागत न्हाई."

"लाथ जोरात लागली का?" मी विचारलं.

"ते ऱ्हावं द्या. तुमची पोरगी तयार हाय. पन तुमाला मी असं समुद्रात उतरवनार न्हाई. मालवनला आलात तर बोटीत बसायचं."

बोटीत बसायचं. हे ऐकून माझं डोकंच फिरलं, कारण बोटीत बसूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

माझे मिस्टर सैन्यात. आदल्या दिवाळीत त्यांना सुट्टी मिळाली आणि आम्ही इस्लामपूरजवळच्या आमच्या वाडीतून मालवणला गेलो. बाप-लेक गाईडचा हात धरून पाण्याखाली जाऊन आले. मी बोटीत. सगळ्यांच्या चपला, मोबाईल, पाकिटं आणि सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वर सासूबाई माझ्या खांद्यावर ओकल्या, ते वेगळंच. पोरगी वर आली ती अशी खुललेली, की मी विचारलं, काय होतं गं खाली? तर म्हणाली, "आई, ते सांगताच येत नाही."

मला ते लागलं. शाळेत कुणी काय डबा आणला इथपासून सगळं मला सांगणारी पोर ही. तिची दहावी चालू होती आणि जूनमध्ये ती पुण्याला जाणार हे ठरलेलं होतं. आता समुद्राचं सांगता येत नाही, उद्या पुण्याचं सांगता येणार नाही, मग मी काय जन्मभर चपला राखत बसू? घरी येताना पेठनाक्यावर चहाला थांबलो तेव्हा मी जाहीर करून टाकलं की पाण्याखाली उतरायचा पूर्ण कोर्स आम्ही दोघी करणार, जोडीनं. मिस्टर हसले. मी हसले नाही.

कोर्स कसला, तुकडे तुकडे जोडलेली गोधडी होती ती. वाचायचा भाग ऊसतोडीच्या दिवसांत केला. टोळी फडात, मी बांधावर मोबाईल घेऊन. फडात पार आत असलेल्या कुणाला जेवायला बोलवायचं झालं तर मला फोन लागत नाही. माझा आवाज आमच्या वाडीत प्रसिद्ध आहे. पोरगी लहान असताना उंच उसात शिरली आणि वाट चुकली की मी बांधावर उभी राहून "एऽऽ बाऽऽय" अशी हाक द्यायचे, आणि ती उसाबाहेर दिसेपर्यंत मध्ये तोडायचे नाही. हाक मध्येच तुटली तर आतल्या लेकराला दिशा कळत नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या गळ्याला कुलूप घाला कुणीतरी.

मग संक्रांतीनंतर तलावात उतरलो. लगेच नणंदेच्या घरचं लग्न आलं. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग पोरीची बोर्डाची परीक्षा. बाकीची बॅच समुद्र बघून आली तरी आमचं घोडं तलावातच. एप्रिलात परत सुरुवात केली तर हे असं झालं. आता मालवणची मेअखेरची एकच फेरी उरली होती. त्यानंतर पावसामुळं समुद्र बंद, आणि समुद्र उघडेपर्यंत पोरगी पुण्यात.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी करतीया न्हवं? तुला कशाला जिवाचा खेळ?" मिस्टरांचा फोन आला तर ते म्हणाले, "नसेल जमत तर राहू दे की." मी म्हटलं, "तुम्ही कधी ड्युटीवरून जमत नाही म्हणून घरी आलात का?" मग म्हणाले, "बरं, त्या फेरीच्या वेळी मी सुट्टी टाकतो. आईला मी बघेन. पण घाई करून काही वेडंवाकडं करू नको." इतक्या लांबून त्यांची काळजी ऐकू आली आणि मला आणखीच धडधडायला लागलं.

खरं म्हणजे पाण्याची भीती मला कधी नव्हतीच. दुखणं तेच होतं. माझं माहेर पलूस. आमच्या रानातल्या विहिरीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा सगळ्या भावंडांना पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवलं. ढकलायच्या आधी एकच सांगायचे: तोंड मीट. डबा सुटला की पुढची परीक्षा. बुडी मारून तळाला जायचं आणि गेल्याची खूण म्हणून मूठभर माती वर आणायची. चार परस पाणी, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. आबा त्या मातीचा टिळा लावायचे. आमच्या घरात टिळा लागलेली मी एकटी मुलगी. छाती फुटायला आली तरी श्वास सोडायचा नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की पाण्यात जरा काही झालं की सर, कोर्स, मोबाईलवर वाचलेले धडे, सगळं पुसलं जातं आणि तोंड मिटतं. एरवी हे तोंड मिटावं म्हणून अख्खं घर देव पाण्यात घालून बसलेलं असतं.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विहिरीची खोली विचारली. मग म्हणाले, "तलाव उथळ पडतोय तुमाला. विहीर हाय का ती अजून?"

"आहे की. कालव्यामुळं उन्हाळ्यातही भरलेली असते."

"मग तितंच सोडवू. पन ऐका, तितं जमलं न्हाई तर वाद घालायचा न्हाई. बोट."

मेच्या पहिल्या रविवारी सर जीपमध्ये सिलिंडर टाकून पलूसला आले. आबा विहिरीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. सरांनी पंपाच्या लोखंडी अँगलला दोर बांधला, त्याला खाली वजन लावून तळाला सोडला आणि काय करायचं ते समजावलं. तळाला जायचं. हवा संपली असं समजायचं. सिलिंडरमधून नवा श्वास न घेता, दोर धरून सावकाश वर यायचं आणि वर येईपर्यंत तोंडातून सलग आवाज काढत हवा सोडत राहायची. सर शेजारी असणार. बुडबुडे थांबले की ते मला थांबवणार.

पोरीनं आधी केलं. गेली, आली, झालं. पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसली आणि केस पिळायला लागली. मी पाण्यात उतरत होते तर वरून आबांचा आवाज आला, "तोंड मीट गं."

सर म्हणाले, "आवं आबा, तेच तर सोडवायचं हाय."

"माज्या समद्या पोरास्नी ह्येच शिकीवलंय. एक बी बुडलं न्हाई."

"बरुबर हाय तुमचं. पन तवा पाठीवर डबा हुता. आता सिलिंडर हाय."

आबांना ते पटलं नाही. ते काठी दोन्ही हातांत धरून पाण्याकडं बघत राहिले.

तळाला गेले तशी ओळखीची थंडी लागली. पाणी हिरवं, वर उजेडाचा एक गोल. सरांनी खूण केली. मी निघाले, आवाज काढला, आणि निम्म्यात कधी थांबले ते मलाच कळलं नाही. सरांचा हात दंडावर पडला, दोर ताणला गेला. त्यांनी ओठांपासून हात पुढं नेला. श्वास सोडला, पुन्हा खाली. दुसऱ्यांदा तर निम्म्यापर्यंतसुद्धा नाही. या वेळी सरांनी मला धरलं ते जोरात, आणि काचेआडचे त्यांचे डोळे चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. आपल्याला काही झालं तर वर बसलेल्या पोरीच्या आणि म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांदेखत होईल, हे तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं.

तळाशी सरांनी माझ्या हवेचा काटा बघितला आणि एक बोट दाखवलं. शेवटचं.

मी दोर धरून वर बघत राहिले. मला रडू येत होतं, आणि पाण्याखाली रडता येत नाही याचा रागही येत होता. वरच्या उजेडात पायरीपाशी दोन काळे ठिपके हलत होते. माझ्या पोरीचे पाय. बसल्याजागी पाणी तुडवायची सवय आहे तिला, लहानपणापासून. एवढंसं लेकरू उसातून बाहेर यायचं ते हाकेच्या रोखानं, पाचटानं ओरबाडलेले हातपाय घेऊन, आणि मी हाक तोडायचे नाही.

मी हाक दिली. तोंडात नळी, त्यामुळं शब्द कुठला, नुसता आऽऽ निघत होता. पण माझ्या मनात ती पुरी होती. एऽऽ बाऽऽय. ते पाय दिसतायत तोवर तोडायची नाही. छाती रिकामी होत चालली, तरी आतून आणखी हवा येतच राहिली, वर येताना ती फुगते असं सर म्हणाले होते तशी. कुठं निम्मं झालं, कुठं संपत आलं, काही बघितलं नाही. एकदम डोक्यावर ऊन लागलं.

नळी तोंडातून काढली तरी मी ओरडतच होते. सरांनी खांद्यावर थोपटलं, म्हणाले, "बास, बास. ताई, आला तुमी वर."

पोरगी पायरीवरून पाण्यात शिरली होती, कमरेपर्यंत. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, मला ऐकू येत होतं," ती म्हणाली, "तू मला बोलवत होतीस ना?"

मी तिला धरून रडले. आबांनी सवयीनं माझ्या मुठीकडं बघितलं. मी मूठ उघडून दाखवली, माती नव्हती. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, की पोरीनं आज तोंड उघडं ठेवून तळ काढला.

मेअखेरीला मिस्टर सुट्टीवर आले. त्यांना सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांगून आम्ही दोघी मालवणला गेलो. समुद्रातल्या सगळ्या बुड्या पार पडल्या. शेवटच्या दिवशी शेजारी शेजारी खाली गेलो आणि बराच वेळ तिथं राहिलो. दोघींच्या चपला बोटीत तशाच पडल्या होत्या, राखायला कुणी नव्हतं. रात्री सासूबाईंनी फोनवर विचारलं, "पास झालीस न्हवं? काय हुतं गं खाली?" मी पोरीकडं बघितलं. खरंच सांगता येत नव्हतं.

जूनमध्ये तिला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडायला गेलो. सकाळपासून माझी टकळी चालू होती. डबा कुठला लावायचा, पाणी उकळून प्यायचं, खोलीला कडी लावायची, रोज फोन करायचा. ती फक्त हं हं करत होती. गेटवर वॉचमन म्हणाला, पालकांनी आता इथंच थांबायचं. तिनं माझ्या आणि तिच्या पप्पांच्या पाया पडून बॅग उचलली. एवढं बोलणारी मी, त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. तोंड मिटलं आणि छातीत सगळं गच्च होऊन बसलं.

ती आतल्या पायऱ्या चढली. दारापाशी वळली आणि तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं, तलावात बघितलं होतं तसं. मग बॅग खाली ठेवली. हात ओठांपाशी नेला आणि सावकाश पुढं आणला.

मी श्वास सोडला. मिस्टर म्हणतात, गेटवरची सगळी माणसं वळून बघत होती. बघू देत. ती आत दिसेनाशी होईपर्यंत मी हाक तोडली नाही.