तयारी करून दिलेलं रक्त

आमच्या इथल्या मेडिकल कॅम्पसमध्ये मधुमेहाचं संशोधन केंद्र आहे. त्यांच्या अभ्यासासाठी मी दर तीन महिन्यांनी रक्त देतो, पण ते काढणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. त्या तळवलीच्या, एवढंच ठाऊक आहे. माझ्याशी त्या जेमतेम बोलतात, माझ्या शिरेशी मात्र फार मायेनं. "ये गो बाय, अशी लपू नको," म्हणत सुई टोचतात. मला स्वतःच्याच शिरेचा हेवा वाटतो.

शाळेत मी कायम काठावर पास झालो, म्हणून इथे तरी पहिला यायचं ठरवलं होतं. तारीख कळली की आठवडाभर भात बंद, गोड बंद, आणि खाडीच्या बाजूला फेऱ्या सुरू. साखर नमुनेदार यायची. मी शाबासकीची वाट बघत बसायचो. बाई नुसतं "हं" म्हणायच्या.

एकदा कापूस दाबताना त्यांनी विचारलं, "काका, तयारी करून येता ना?"

"अर्थात," मी ऐटीत म्हणालो.

"मंग या पाहुन्याचं रक्त घेऊन आमी काय करू? आमाला रोजचा मानूस पायजे."

पुढच्या खेपेला तारीख आलीच नाही. एका संध्याकाळी थेट फोन आला, "उद्या सकाळी उपाशी या." तेव्हा मी सोसायटीतल्या बारशाची जिलबी खात होतो.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. नंतर रिपोर्ट घ्यायला गेलो, तर साखर भलतीच चढलेली. बाईंनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

"या काका," त्या म्हणाल्या. "आता आलात तुमी. बसा."