मृत्यूच्या दिनांकाची सहा घरं

मी बी.ए. झाले, घरातली पहिली. त्याच जोरावर मंगरूळपीरच्या एका कचेरीत घरजागेच्या अर्जांचं हंगामी काम मिळालं. आमच्या वस्तीचे अर्जही माझ्याच हातून गेले. आईचा अर्ज मी सगळ्यांत सुबक अक्षरात भरला. मजुरी करून तिनं मला शिकवलं होतं; तिच्या नावावर हक्काची जागा व्हावी, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी अर्ज पहिल्यांदाच नागपूरला संगणकाकडे जाणार होते. अर्जदार मध्येच वारला तर, म्हणून शेवटी मृत्यूच्या दिनांकाची सहा घरं होती. कागदावर रिकामी जागा सोडायची नाही, मागाहून कुणी काही लिहील, असा आमच्याकडे रिवाज. एरवी आम्ही आडवी रेघ मारायचो. इथे फक्त आकडेच चालतील असं बजावलेलं, म्हणून प्रत्येक जिवंत माणसापुढे मी सहा शून्यं लिहिली.

नागपूरहून यादी आली. भरदुपारी विहारासमोर मी ती वाचायला घेतली. अमुक मयत, अर्ज रद्द. तो माणूस समोरच बसला होता. हजेरीच्या सवयीनं म्हणाला, "हाव." पुढचं वाक्यही तेच, फक्त नाव दुसरं. पुन्हा "हाव." मेल्यावरबी रांगेतच बसवलं म्हणे, असं कुणीतरी पुटपुटलं, हसलं कुणीच नाही. पुढच्या ओळीवर आईचं नाव होतं. मी तिथेच थांबले.

"वाच ना, थांबली काहून?" आई म्हणाली.

मी वाचलं.

"हाव," ती म्हणाली.

चूक शोधायला मला नागपूरला पाठवलं. तिथल्या ऑपरेटरनं समजावलं, की वाक्य आधीच रचून ठेवलेलं असतं, यंत्र फक्त गाळलेल्या जागा भरतं. कुठे अक्षरं येतील, कुठे आकडे, हे त्याला अगोदरच सांगून ठेवतात. तारखेच्या जागी आकडा आला की माणूस मेला. शून्यही त्याच्या लेखी आकडाच. जिवंतांसाठी तिथे काहीच लिहायचं नव्हतं.

सगळ्यांचे अर्ज पुन्हा भरायचे ठरले. आईचा अर्ज मी घरी, तिच्यासमोरच नव्यानं भरला. शेवटच्या घरांपाशी हात आपोआप शून्याकडे वळला. आईनं मनगट धरलं.

"मी आहो तवर मोकयंच राहू दे."

जागा तिच्या नावावर झाली. अर्जाची प्रत आमच्या पेटीत असायची. पेटी उघडली की मी आधी ती सहा घरं पाहायचे, कुणी काही लिहिलं तर नाही ना.