काशीरामच्या अंगातलं वारं

मुलुंडला डोंगराच्या कुशीत जी वस्ती चढत गेली आहे, तिच्या शेवटच्या घरात काशीराम एकटा राहतो. त्याच्या दारापुढे वाट संपते आणि रान सुरू होतं. खालच्या घरांतून फोडणीचा वास वर येतो, बोलणं येतं, माणूस मात्र येत नाही.

बायको शेवंती दिंडोशीला मुलाकडे असते. काशीरामची दारू सोसण्यात तिचं तरुणपण गेलं. जाताना ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही सुटलात की मी येईन. पण मध्ये एक घोट घेतलात तर माझी वाट बघू नका."

काशीराम व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दारू सुटली, पण अंग परकं झालं. इतकी वर्षं भूक लागली तरी बाटली, कंबर धरली तरी बाटली, कुणी टाकून बोललं तरी बाटली. आता अंग काहीतरी मागायचं आणि काय मागतंय ते त्याला कळायचं नाही.

केंद्रातल्या सुंदराबाई म्हणाल्या होत्या, "घ्यावीशी वाटली की आधी पोटावर हात ठेवा. विचारा, काय पाहिजे."

"पोट बोलता काय, बाई?"

"बोलतं. तुम्ही बोलू कधी दिलंत? त्यानं तोंड उघडलं की ओतलीत."

तो हसला, पण करू लागला. कधी पाणी पिऊन भागायचं, कधी जरा पडल्यावर. कधी उत्तरच यायचं नाही. मग पोटावर हात ठेवून तो रानाकडे बघत तसाच बसून राहायचा.

वस्ती सगळी मालवणकडची. वरच्या आंब्याखाली एक काळा दगड आहे, तो वस्तीचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि दारू देतात, आणि सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान काशीरामच्या घराचा. रीत अशी, की गाऱ्हाणं घालणाऱ्यानं सकाळपासून उपाशी राहायचं आणि देवाला दिल्यावर पेल्यातला पहिला घोट त्यानं घ्यायचा.

शेजारचा लवू आठवण द्यायला आला.

"गाऱ्हाणं घालीन," काशीराम म्हणाला. "घोट नाय घेणार."

"अरे काश्या, ती दारू कुठे रे? देवाचं तीर्थ ते. का तुझ्या केंद्रातल्या बाईंची चिठ्ठी आणू?"

दुपारी माणसं जमली. काशीरामनं हात जोडून सुरुवात केली. "बा राखणदारा, म्हाराजा..." लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. अर्ध्यावर त्याचे हात थरथरू लागले. मग गुडघे. कपाळ घामानं भिजलं. बायका मागे सरकल्या.

"वारा इला काश्याच्या अंगात," कुणीतरी हळूच म्हणालं.

लवूनं पेला त्याच्या हातात दिला. "घे देवा, मान घे."

देव आला नाही हे काशीरामला ठाऊक होतं. त्याला वाटलं, जुनी तहान आली. दारू सुटताना अंग असंच हललं होतं. वास नाकात शिरला, पेला ओठांपर्यंत गेला. शेवंती आठवली नाही, कुणीच आठवलं नाही. दुसरा हात मात्र सवयीनं पोटावर गेला.

पोट पाठीला लागलं होतं. सकाळपासून आत काही नव्हतं.

त्यानं पेला दगडावर रिता केला. म्हणाला, "माका भूक लागली हा."

"देवाक भूक लागली," लवू ओरडला. "कोंबडो आणा रे."

"देवाक नाय रे, माका."

कुणीतरी फिस्सकन हसलं. लवूचा चेहरा पडला. "मान मोडलास," एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली. खाली वस्तीत पंगत बसली तेव्हा काशीरामला कुणी हाक मारली नाही.

घरी येऊन त्यानं गार पेज मिठाबरोबर खाल्ली. थरथर ओसरली. खालून पंगतीचं हसणं येत होतं. अजून काहीतरी हवंसं वाटत होतं. त्यानं पोटाला विचारलं, पोट गप्प. हात वर सरकत छातीशी आला, तिथं दुखत होतं. दारूनंही हे दुखणं कधी गेलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.

त्यानं शेवंतीला फोन लावला.

"पिऊन बोलताय?"

"नाय. जेवून."

"काय जेवलात?"

"पेज."

"नुसती?"

"नुसती."

येते, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "वरच्या डब्यात कुळथाचं पीठ आहे. पिठी करता येते?"

"नाय."

"मग ऐका," ती म्हणाली, आणि सांगू लागली.