मिश्रीच्या डब्या

आईला केमोसाठी निपाणीहून बेळगावला न्यायचो, तेव्हा तिथल्या वॉर्डातल्या एक सिस्टर दर खेपेला भेटायच्या. पेशंटला 'आ करा' म्हणताना त्या स्वतःही तोंड उघडायच्या, पोराला घास भरवणाऱ्या बाईसारखं. बोलणं ठरलेलं असायचं. "आक्का, ब्रश मऊ वापरा. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. ताप आला तर घोंगडं घिऊन पडून ऱ्हायाचं न्हाय, लगेच फोन करायचा. आता तुमी सांगा, मी काय सांगितलं?" सगळं परत म्हणून घेतल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. मला त्या शाळेचा कंटाळा यायचा.

आई घडाघडा म्हणून दाखवायची. तरी केमोमुळं आलेलं तिचं तोंड काही बरं होईना. एकदा सिस्टरनी टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, "गुळण्या झाल्यावर काय करतासा?"

"मिश्री लावती," आई म्हणाली. "तोंड खारट हुतंय न्हवं!"

मी चिडलो. सिस्टर मात्र हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. आईनं कनवटीची डबी काढून दिली.

"सगळे डोस संपले की मागून घ्या," म्हणत त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली. खणात तसल्या बऱ्याच डब्या होत्या.

आई बाहेर गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही खरंच तंबाखू परत देणार?"

"देती कुठली!" खण लावत त्या म्हणाल्या. "पण मागाय म्हणून तरी येऊ देत की."