सरळ केलेली रेघ

आमच्या खोलीतले किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की त्यातला कुठला घडला आणि कुठला सांगून सांगून घडला, हे आता मलाच नक्की सांगता येत नाही. नक्की सांगणं तसं मला कधीच जमलं नाही. तरी हे घडले. बहुतेक.

खोली दिल्लीतल्या एका विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही तिघं. मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी नसीम मुजावर आणि कॉम्प्युटर सांभाळणारे चौहानजी. नसीमचं घराणं कोल्हापूरचं, पण ती वाढली इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्राच्या एका मंत्रालयात होते. आमचा विषय असा : आपल्या आकाशगंगेसारख्या चार-पाच दीर्घिका एकमेकींना खेटून असल्या, की त्यांच्यातला हायड्रोजन वायू कमी होत जातो. वायू संपला की नवे तारे बनणं थांबतं. तो वायू जातो कुठे, हा प्रश्न.

एकदा मी फळ्यावर समीकरणं लिहून चौहानजींना हे समजावत होतो. अर्धा तास त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सर, दो कमरे के क्वार्टर में पाँच भाई रहेंगे, तो किसके पास क्या बचेगा?"

नसीम म्हणाली, "सर, फळा पुसू का?"

*

दुर्बिणीकडून आमच्याकडे आलेखाची एक रेघ यायची. वायू असेल तिथे तिला उंचवटा. पण यंत्रामुळेही ती लाटेसारखी वरखाली होते, म्हणून ती लाट वजा करून रेघ आधी सपाट करून घ्यायची, ही रीत. मी त्यात फार कडक. तरुणपणी अशाच एका पसरट फुगवट्यावर मी लेख लिहिला होता आणि तो यंत्राचा दोष निघाला. भर परिषदेत एकाने विचारलं होतं, "ही दीर्घिका आहे की तुमचा रिसीव्हर?" लोक बराच वेळ हसत होते.

तेव्हापासून माझं पालुपद, "आधी रेघ सरळ, मग विज्ञान." नसीमने ते कागदावर लिहून माझ्याच टेबलासमोर चिकटवलं. आदराने की टोमणा म्हणून, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

*

एका संक्रांतीला आम्ही तिघं पानिपतला, लढाईच्या स्मारकावर, काला अंबला गेलो. महाराष्ट्रातून बसेस आल्या होत्या. गर्दी पाहून चौहानजींनी हळूच विचारलं, "सर, यहाँ जीते थे आप लोग?"

"नहीं, हारे थे."

"फिर भी हर साल आते हैं?"

मी जेवणाचा डबा बाकावर ठेवला. नसीम थंडीत हात चोळत म्हणाली, "सर, सगळेच काही मेले नव्हते. कितीतरी इथेच आसपासच्या गावांत पांगले, राहिले, म्हणतात. आपला वायूही तसा असला तर? गेलेला नाही, नुसता पांगलेला. एका जागी इतका विरळ की दिसत नाही. माझ्या रेघेत खाली एक पसरट फुगवटा आहे, सर."

मी म्हणालो, "आधी डबा उघड."

*

त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच खोलीत गेलो आणि तिची रेघ सरळ केली. फुगवटा गेला. लेख दोघांच्या नावाने छापून आला : वायू नाहीसा झाला आहे. छापलेली आकृती नसीमने बराच वेळ पाहिली. मग अंक मिटून माझ्या टेबलावर ठेवला.

तिच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग हा वायू गेला कुठे?"

नसीम म्हणाली, "सरांना विचारा."

सगळे हसले. मीही हसलो. पदवी मिळाली आणि महिन्याभरात तिने एका सरकारी कार्यालयात आकडेवारीची नोकरी धरली. चौहानजी म्हणाले, "लड़की को आसमान से उतार दिया, सर." त्यावर कोणी हसलं नाही.

*

गेल्या वर्षी एका मोठ्या दुर्बिणीने तसल्याच गटांमध्ये दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला विरळ वायू दाखवला. लेख मी चारदा वाचला, कुठे चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. जुन्या टेपवरची नसीमची मूळ रेघ काढून ताडून पाहिली. फुगवटा खराच होता.

नोएडाला तिच्या घरी गेलो. तिचे केस माझ्याइतके नसले तरी पांढरे झालेत. कसंबसं सगळं सांगितलं. रविवारचंही. तिने दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या, चष्मा वर सारून पाहिल्या.

"यंत्राची लाटही अशीच दिसते, सर," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते, तर मीही रेघ सरळच केली असती."

मला इतकं हायसं वाटलं की मी दुसरं बिस्किट घेतलं.

माझ्या कपात चहा ओतत ती म्हणाली, "फक्त आधी विचारलं असतं."